इसरीचं बाळसं

आमच्या भागात मला अजून 'खिचडीवाल्या बाई' म्हणतात. निवृत्त झाले, केस पांढरे झाले, पण बाजाराच्या दिवशी शिरूर कासारला गेले की एखादा दाढीवाला गडी वाकून पाया पडतो आणि शेजारच्या बायकोला सांगतो, "ह्या आमच्या खिचडीवाल्या बाई." मग माझी जीभ काही गप बसत नाही. मी म्हणते, "मेल्या, खिचडी आमची मदतनीस शिजवायची. मी तुला दर महिन्याला झोळीत टांगून तोललाय अन् तू माझ्या अंगावर मुतलायस, ते सांग की बायकोला." बायको तोंडाला पदर लावते आणि गडी बाजारात पसार होतो.

अंगणवाडी म्हणजे गाणी, गोष्टी आणि खिचडी असं लोकांना वाटतं. ते तर होतंच. पण आमचं खरं काम महिन्यातून एकदा, वजनाच्या दिवशी. आढ्याला लटकता काटा अडकवायचा, त्याला कापडी झोळी लावायची आणि त्या झोळीत गावातलं एकेक पोर घालायचं. पोर किंचाळतं, पाय झाडतं, काटा इकडून तिकडे नाचतो, आणि त्या नाचात तो एक क्षण थांबेल तेवढ्यात आकडा बघायचा. ही नजर यायला मला वर्ष लागलं. नंतर सरकारनं आकडे उजळणारा काटा दिला, पण पोरांनी किंचाळणं काही सोडलं नाही.

नुसत्या वजनाला अर्थ नसतो, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. किती भरलं यापेक्षा मागल्या महिन्यापेक्षा किती वाढलं, ते आम्ही बघायचो. बारीक पोर वाढत असलं की आम्हाला झोप लागायची. गुटगुटीत पोर थांबलं की घोर लागायचा. आयांना हे सांगता सांगता माझा घसा बसायचा, कारण त्यांना वेगळाच घोर असायचा: तोललेलं पोर दृष्टावतं. एक बाई पोराला तीट लावायची ती लावायचीच, वर माझ्या काट्यालाही काजळाचं बोट लावून जायची. एक आजोबा नातवाला आणण्याआधी पोटभर ताक पाजायचे, म्हणजे वजन वाढून बाईंची बोलणी बसणार नाहीत. ते ताक कुठं बाहेर यायचं, हे मी वर सांगितलंच आहे.

पण मला जे वेड लागलं ते वजनाचं नव्हे. पोराची मान धरली जाते, मग ते कुशीवर वळतं, एक दिवस पालथं पडतं आणि आपण काय केलं म्हणून स्वतःच चकित होऊन रडतं. मग बसतं. मग रांगायला बघतं, तर पुढं जायचं असतं आणि जातं मागं. मग रागावतं. शेवटी खाटेची कड धरून उभं राहतं, आणि त्या वेळेला त्याचा चेहरा बघावा! कुणी शिकवतं का हो त्याला? आई भाकरी थापत असते, बाप रानात असतो. हे कुणीही न सांगता, ज्याच्या त्याच्या वेळेला, खोपटात काय नि बंगल्यात काय, सारखंच घडत जातं. आयुष्यभर हेच बघितलं, तरी पहिल्यांदा उभं राहणारं पोर दिसलं की माझ्या हातातलं काम तसंच राहायचं. देव आहे की नाही यावर माझे नवऱ्याशी वाद व्हायचे, पण वजनाच्या दिवशी मी वाद घालायची नाही.

आमच्या तालुक्यात दसरा सरला की गावं ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे कोयते गोळा करून मुकादम ट्रकात भरतो आणि ऊस तोडायला घेऊन जातो. जोडीबरोबर तान्ही पोरंही जातात. माझ्या अंगणवाडीतली निम्मी पोरं अशी पाच-सहा महिने उसाच्या फडाकडेला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, वाढायची. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की ट्रक परत यायचे आणि मी रस्त्याला जाऊन उभी राहायची. कोण कुणाच्या कडेवर आहे ते बघायची. काही पोरं परत यायची नाहीत. त्यांच्याविषयी मला लिहिता येणार नाही. एका परत आलेल्या पोरीविषयी लिहिते.

आमच्या गावाबाहेर धनगरवस्ती आहे. तिथले तात्या म्हणजे उंच, काटक म्हातारा, शेळ्यामेंढ्या राखणारा. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. बायको मागेच वारलेली. घरात मुलगा गणेश आणि सून मीरा. मीराचं पहिलं बाळ जन्मून आठवड्यातच गेलं होतं. दुसऱ्या वेळेला मुलगी झाली, ती धरली, तगली. नाव ठेवलं ईश्वरी, तात्यांच्या तोंडी इसरी. तिच्या पाचवीला तात्यांनी बिरोबाला नवस बोलला होता: ही पोर वर्षाची झाली की चैत्रातल्या जत्रेत तिची गुळाची तुला करीन, आणि तोवर तिला कुठल्याच पारड्यात घालणार नाही. देवाच्या आधी दुसऱ्या कुणी तिला तोलायची नाही.

आता आली का पंचाईत! झोळी दिसली की तात्या पोरगी छातीशी धरून पाठ फिरवायचे. "बाई, पाया पडतो, पन हिला टांगू नका. एक गेलंय आमचं." मग मी मोठ्या माणसांचा काटा काढला. आधी मीराला पोरगी घेऊन उभी केली, मग पोरगी खाली ठेवून एकटीला. घरी जाऊन वजाबाकी केली की झालं.

तात्या दारातून बघायचे. "सून कावून तोलता बाई? बाजारात न्यायचीय का काय?"

"बाळंतिणीच्या अंगाला लागतंय का बघावं लागतं, तात्या."

"बघा बघा. लई वाळलीय ती," असं म्हणून ते खुशाल विडी ओढायचे. मीरा पदराआड हसायची. सासऱ्यासमोर ती एक शब्द बोलायची नाही, पण या चोरीत मात्र ती माझ्या पूर्ण बाजूनं होती.

दसऱ्याच्या आत इसरी अशी फोफावली की बघत राहावं. बसायला लागली, रांगायला लागली, करडाचे कान ओढायला लागली. मग ट्रक आला. गणेश आणि मीरा तिला घेऊन साखर कारखान्याकडं गेले. तात्या जनावरांपायी मागं राहिले. ते रोज अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसायचे, म्हणायचे, "आता किती वाढली आसंल वो?" मी हातानं उंची दाखवायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच विचारायचे.

पाडव्याच्या सुमारास ट्रक परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या ओट्यावर हजर, कडेवर टॉवेलात गुंडाळलेली इसरी. कपाळाला तीट, गालाला तीट, तळपायालाही तीट. "बाई, लांबून बघा. दृष्ट लावू नका. कसली बाळसं धरून आलीय बघा माझी माय!"

खरंच, गाल टम्म, डोळे गालात गेलेले, हातपाय गुबगुबीत. वस्तीवरच्या बायका म्हणत होत्या, रसाचा गुण बघा, पोरीला ऊस मानवला. तात्यांनी तर जत्रेसाठी गुळाच्या ढेपी जास्तीच्या सांगून ठेवल्या होत्या. एवढ्या बाळसेदार नातीला थोडका गूळ कसा पुरेल? मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मीरा आली तेव्हा मी काटा काढला, वजाबाकी केली, तर वजनही चांगलं वाढलेलं.

पण मीरा नेहमीसारखी हसली नाही. म्हणून मी इसरीला माझ्या मांडीवर घेतलं. ती आली. आली म्हणजे काय, ठेवली तशी राहिली. वर्ष उलटून गेलेलं पोर परक्या बाईच्या मांडीवर असं गप बसत नाही हो! ते आईकडं झेपावतं, भोकाड पसरतं, नाकावर चापट मारतं. मी कानाशी खुळखुळा वाजवला. तिनं मान वळवली नाही. जमिनीवर बसवून हात काढला, तर ती हळूच कलंडली आणि कलंडल्या जागी पडून राहिली. रांगत गेलेली पोर झोपून परत आली होती.

"मीरा, ही रांगत का नाही?"

मीराच्या डोळ्यांना धारच लागली. "दूध आटलं वो ताई माझं. अंधारात फडावर जायचं, हिला कोपीत ठिवायची. च्यात बुडवून बिस्कीट द्यायची, भाकरीचा काला द्यायचा. मदी हगवण लागलती. तवापसून रांगतच न्हाई. रडत बी न्हाई. आधी मला वाटलं, शानी झाली."

मी इसरीचं पाऊल हातात घेतलं. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवून थोडा वेळ दाबला आणि काढला. खड्डा पडला. तो भरून आला नाही. दुसऱ्या पावलावर दाबलं, तिथंही तसाच. प्रशिक्षणात आम्हाला हे चित्रात दाखवलं होतं: पोराला नुसतं भाकरी-चहावर ठेवलं, वर आजारपण आलं, की अंगात पाणी धरतं, पोर सुजतं आणि सुजलेलं पोर धष्टपुष्ट दिसतं. चित्र बघणं वेगळं. आपल्या गावातल्या पोरीच्या पायावर आपल्याच अंगठ्याचा खड्डा बघणं वेगळं. काट्यानं मला वाढलेलं वजन दाखवलं होतं आणि ते सगळं पाणी होतं.

तशीच उठले आणि मीराबरोबर वस्तीवर गेले. गणेश म्हणाला, "तात्या म्हनतील तसं." तात्या शेळ्यांना पाला टाकत होते. मी म्हटलं, इसरीला आजच्या आज बीडला न्यायचं.

"जत्रा झाली की न्या कुटं न्यायची ती."

"जत्रेपर्यंत थांबायला वेळ नाही, तात्या."

"येड लागलं का बाई तुमाला? बाळसं धरलेल्या पोरीला दवाखान्यात? लोकं शेन घालतील तोंडात. अन् तितं गेलं की पयलं काट्यावर घालत्यात. देवाच्या आदी! मी न्हाई घालू देनार."

मी समजावून बघितलं, रागावून बघितलं. ते पाला टाकतच राहिले. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तात्या, पाला टाका खाली. तुमचा अंगठा द्या इकडं." त्यांचा तो राठ अंगठा धरून मी इसरीच्या पावलावर ठेवला आणि दाबायला लावला. "आता काढा."

तात्यांनी अंगठा काढला. खड्डा बघितला. मग आपण होऊन दुसरं पाऊल दाबलं, नडगी दाबली. इसरीनं हूं की चूं केलं नाही. तात्या गुडघे दुखत असूनही फतकल मारून खालीच बसले. मग म्हणाले, "मेंढराच्या जबड्याखाली असंच पानी उतरतं, बाई. ते मेंढरू लांबून लई ताजं दिसतं."

"तसंच समजा."

"अन् मी गूळ सांगून ठिवला," असं म्हणून त्यांनी तिच्या कपाळाची तीट अंगठ्यानं पुसून टाकली. "गन्या, गाडी बघ."

बीडच्या सरकारी दवाखान्यात अशा पोरांसाठी वेगळी खोली असते. पोर आणि आई दोघीही तिथं राहतात. नवसाचं सांगितल्यावर तिथंही इसरीला आईसकट तोलून वजाबाकी केली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "जास्त खायला घालायची घाई अजिबात करायची नाही. हिच्या शरीराला अन्न पेलायची सवय राहिलेली नाही. थोडं थोडं, ठरावीक वेळेला, आम्ही देऊ तेच दूध. आणि पहिल्यांदा वजन उतरेल. सूज उतरली की पोर हाडांचा सापळा दिसेल. घाबरू नका." मीरानं मान हलवली. मीही हलवली. तात्या तोवर शेळ्यांसाठी परतीच्या एसटीत बसले होते, त्यांनी हे ऐकलंच नाही.

आठवडाभरानं मी भेटायला निघाले तर तात्या स्टँडवर भाकऱ्यांचं गठुडं घेऊन उभे. एकाच गाडीनं गेलो. वाटेत मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगत होते, पण गाडीच्या खडखडाटात निम्मं त्यांच्या कानात गेलंच नाही. आणि ऐकणं निराळं, बघणं निराळं. मी सगळं ऐकलेली बाई, तरी खोलीच्या दारात माझेच पाय थबकले. मीराच्या मांडीवर एक म्हातारी बसली होती. गाल आत गेलेले, कातडी लोंबलेली, बरगडी न बरगडी मोजावी. मीरा वाटी-चमच्यानं तिला दूध पाजत होती.

"ही आमची इसरी न्हाई," तात्या म्हणाले.

"सूज उतरलीय, तात्या," मी पुटपुटले.

तात्यांच्या हातातलं गठुडं खाली पडलं. "जबड्याखालचं पानी ओसरून वाळलं की मेंढरू ऱ्हात न्हाई. जल्म गेला माझा त्यात. तुमी पोर वाळवली, बाई. आता मरायचंच आसंल तर घरी मरू द्या. बिरोबाच्या मातीत मरू द्या." आणि त्यांनी वाकून इसरीच्या काखेत हात घातले.

तेव्हा मीरा बोलली. लग्न होऊन आल्यापासून जिचा आवाज मी सासऱ्यासमोर ऐकला नव्हता ती मीरा. पदर डोक्यावरून घसरला तो तिनं सावरला नाही. "हात काडा, मामा. माझं पयलं लेकरू घरीच गेलं. बिरोबाच्याच मातीत हाय ते. तवा बी तुमीच म्हनला, घरी ऱ्हाऊ द्या. हिला मी नेऊ देनार न्हाई. मला मारा, तोडा, पन हिला हात लावू नका."

शेजारच्या खाटांवरच्या आया बघत राहिल्या. तात्यांचे हात पोरीच्या काखेत तसेच, मीराचे हात पोरीच्या कमरेला. मधल्या मध्ये दुधाचा चमचा इसरीच्या तोंडापासून लांब गेला.

आणि इसरी रडली. आधी ओठ काढला, मग तोंड वासलं, मग असा टाहो फोडला की बाहेरून नर्स धावत आली. रागानं लाल झाली. काडीसारखा हात वाटीकडं ताणला, वाटीची कड धरली आणि ओढली. निम्मं दूध तात्यांच्या सदऱ्यावर. तरी वाटी सोडेना! मी आयुष्यात हजारदा पोरांचं रडणं ऐकलं, कान किटले म्हणायची मी. त्या दिवशी मात्र वाटलं, रड बाई, अजून रड, साऱ्या बीडला ऐकू जाऊ दे.

डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "किती दिवसांनी रडली?" त्यांनी विचारलं.

"फडावर हगवण लागल्यापसून आवाज न्हाई ऐकला मी हिचा," मीरा म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

"मग झालं. भूक लागली तिला. याचीच वाट बघत होतो आम्ही."

तात्यांनी हात काढले. ते इसरीकडं टक लावून बघत होते. ती वाटीत तोंड खुपसून उरलेलं दूध चाटत होती. "चाऱ्याला झटतीय," ते अगदी हळू म्हणाले. मग माझ्याकडं वळून मोठ्यानं, जणू मीच वाद घालत होते: "जनावर चाऱ्याला झटलं की मरत न्हाई, बाई. कायबी होऊ दे, मरत न्हाई." मग खाटेच्या पायाशी बसले आणि सुनेला म्हणाले, "पाज ग पोरी. मागंल तितकं पाज."

"मागेल तितकं नाही, आजोबा. आम्ही सांगू तितकं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमी सांगाल तितकं," तात्या म्हणाले. त्या माणसानं कुणाचं ऐकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. डॉक्टरीणबाई दारातून वळून गेल्या, पण जाताना त्यांनी डोळ्याला रुमाल लावला, ते मी बघितलंच.

नंतरचे महिने मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जत्रा तर दवाखान्यातच गेली. इसरी घरी आली ती डोळ्यांत जीव घेऊन. शेळीचं दूध, मऊ भात-वरण, अंडं, शेंगदाण्याचं कूट, जे सांगितलं ते सगळं मीरानं नेमानं केलं. वजनाच्या दिवशी पहिल्यासारखीच सून काट्यावर उभी राहायची, आणि आता तात्या दारातून ओरडायचे, "सुनंचं काय सांगता? वजा करून सांगा की!" सगळं ठाऊक होतं तर म्हाताऱ्याला! मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "शेळ्या राखतो बाई मी, आंधळा न्हाई. पारड्यात घातली न्हाई तवर नवसाला काय धक्का?"

एकदा शिकलेलं सगळं ती पोर परत शिकली. आधी भिंतीला टेकून बसली, मग बिनटेक्याची. मग पालथी पडली आणि कोपरांवर सरपटायला लागली. दुसऱ्यांदा रांगायला लागली तीसुद्धा आधी मागंमागंच! मला हसू आणि रडू एकदम आलं. हाडाला चिकटलेली कातडी भरत गेली, तांबूस केस मुळाशी काळे होत गेले. हे सगळं कुठून आलं? दूध-भातातून आलं म्हणावं तर तेच दूध-भात आपण खातो, आपल्यात काय होतं? मी वजाबाकी करायची आणि आकड्याकडं बघत बसायची. मदतनीस म्हणायची, "बाई, चुकलं का काय?" चुकलं काहीच नव्हतं. मला नुसतं बघावंसं वाटायचं.

उभी राहिली ती म्हाताऱ्या शेळीला धरून. शेळी रवंथ करत होती. इसरीनं तिच्या पोटाचे केस मुठीत धरले, ढुंगण वर केलं आणि उठली. शेळी जागची हलली नाही, हे तात्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं. पहिलं पाऊल मात्र त्यांच्या माघारी पडलं, मीरासमोर. म्हातारा तीन दिवस रुसला होता. उकिडवा बसून हात पसरायचा, "ये, ये माय, मला बी दाव." ती लबाड बसकण मारून टाळ्या वाजवायची. शेवटी दावलं तेव्हा ते गुडघ्यांचं दुखणं विसरून वस्तीभर सांगत फिरले.

दसरा जवळ आला तशी मी मुकादमाच्या ट्रकाची चौकशी करायला लागले. पण यंदा मीरानं सासऱ्यासमोर बसून सांगितलं, मी जाणार नाही. तात्या म्हणाले, "जावं कशाला? मी बी तेच म्हनतोय." खरं तर आधी ते काहीच म्हणाले नव्हते. गणेश एकटाच अर्धा कोयता म्हणून जायला तयार झाला. तो निघायच्या आधी नवस फेडायचा ठरला.

बिरोबाच्या देवळापुढं लिंबाच्या फांदीला आडतीवरचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात गुळाच्या ढेपी रचल्या. सगळी वस्ती जमलेली, मलाही मानानं पुढं बसवलं. नवी परकर-चोळी घातलेली इसरी तात्यांनी दुसऱ्या पारड्यात बसवली. पारडं डुललं. इसरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि सरळ उठून खाली उतरली.

पुन्हा बसवली. पुन्हा उतरली. गणेशनं दाबून धरली तर त्याच्या मनगटाला कडकडून चावली. "आई गं!" म्हणून त्यानं हात सोडला, तेवढ्यात बाईसाहेब गुळाच्या पारड्याकडं गेल्या, सुटलेला एक खडा उचलला आणि देवळाच्या पायऱ्यांकडं चालू लागल्या. बायका हसायला लागल्या, ढोलवाला ढोल विसरून बघायला लागला.

पुजाऱ्याला काही हसू आलं नाही. तो म्हणाला, "तात्या, धरून आना तिला. पारडी समान झाल्याबिगर नवस फिटत न्हाई. देवाचं देनं डोक्यावर ऱ्हातंय."

तात्या उठायला गेले, गुडघ्यांनी उठू दिलं नाही, ते लिंबाच्या बुंध्याला हात लावून तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते. "देवाला म्हना, तुजा तू धर अन् घाल पारड्यात," ते म्हणाले. "मला न्हाई गावत आता ती."

इसरी तोवर पायऱ्यांना वळसा घालून रस्त्याला लागली होती, आणि मीरा अन् मी, दोघी, तिच्यामागं पळत सुटलो होतो.